मनातले मांडे आणि वहीतली अहिल्या

(अहिल्यानगर इथं झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)



मराठी वाहिन्यांवर अधूनमधून 'महासंगम' असतो, तो तुम्ही पाहिला असेल. एका मालिकेतलं कुटुंब दुसऱ्या मालिकेतल्या कुटुंबाकडे लग्नाला नाहीतर मंगळागौरीला जातं. दोन्हीकडच्या नायिका एकाच वडाला दोरा गुंडाळतात, आणि आठवडाभर सातच्या मालिकेतली माणसं आठच्या मालिकेत वावरतात. माझा आजचा विषय याच जातीचा आहे. फरक एवढाच, की हा महासंगम वाहिनीनं घडवलेला नाही, बघणारीनं घडवलेला आहे. आवडत्या गोष्टीतली माणसं उचलायची, दुसऱ्याच एखाद्या गोष्टीतल्या माणसांशी त्यांची गाठ घालायची आणि पुढचं आपण लिहायचं. याला क्रॉसओव्हर फॅन फिक्शन असं नाव आहे. आपण सोयीसाठी 'चाहतीची गोष्ट' म्हणू.

अमेरिकेत १९६७ साली 'स्टार ट्रेक' या मालिकेच्या चाहत्यांनी अशा लिखाणाचे अंक काढायला सुरुवात केली. लिहिणाऱ्यांत आणि अंक काढणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. आपल्या चळवळीची सुरुवातीची पत्रकं निघायची तसेच ते अंक सायक्लोस्टाइलवर निघायचे, हात काळे करून. आज आपल्या जिल्ह्यातल्या मुली मोबाइलवर लिहितात, आणि मोबाइल हातात नसतो तेव्हा, म्हणजे बहुतेक वेळा, वहीत लिहितात.

विषय करमणुकीचा वाटेल. पण या वह्या आपल्यासमोर करमणूक म्हणून येत नाहीत. त्या पुरावा म्हणून येतात. पेटी तपासताना सापडते, दप्तरात सापडते, मग काका, मामा, अधीक्षिका, कधी पोलीस, सगळे ती वाचतात, आणि शेवटी ती आपल्या टेबलावर येते. 'बघा मॅडम, मुलीच्या डोक्यात काय चाललंय.' त्या वेळी आपण काय करतो, कसं वाचतो, यावर पुष्कळदा त्या मुलीची शाळा आणि तिचं लग्न अवलंबून असतं. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

आधी एक गोष्ट बाजूला करू. दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं घेऊन आपली गोष्ट करणं हे काही नवं खूळ नाही. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. त्यांना कुणी रामाचे फॅन म्हणत नाही, पंडितकवी म्हणतात. तमाशातल्या गवळणीत कृष्णाला अडवणारी मावशी आजच्या बाजारभावावर बोलते, त्याला आपण लोककला म्हणतो. पंधरा वर्षांच्या मुलीनं हेच केलं की मात्र तो टाइमपास, आणि पुढं गेला तर वाह्यातपणा.

बायकांनी हे काम शेकडो वर्षं जात्यावर केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून, गावोगावच्या बायांना बरोबर घेऊन एक लाखावर ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी'नं त्या लोकांसमोर ठेवल्या. ताराबाई भवाळकरांनी तर आयुष्यभर या बायांच्या सीतेचा माग काढला. हे सगळं तुमच्यापैकी पुष्कळजणींना माहीत आहे. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. ओवीमध्ये पात्रं आपापल्या ग्रंथात राहत नाहीत. विठ्ठल भाऊ होऊन भाऊबीजेला येतो. तो जनीकडं दळायला बसतो आणि रुक्मिणी त्याला खेड्यातल्या बायकोसारखी फैलावर घेते. वनवासातल्या सीतेची समजूत अयोध्येतलं कुणी घालत नाही, आपल्या माळावरच्या बोरी-बाभळी घालतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्या ओव्यांत बाबासाहेब आणि रमाई येतात, ते याच उंबऱ्यातून. पुराणातला, इतिहासातला आणि शेजारच्या आळीतला माणूस एकाच अंगणात. महासंगमच तो.

आता यात मनोविश्लेषण कुठं आलं? फ्रॉईडचं स्वप्नांवरचं मोठं पुस्तक १९०० सालचं. त्यात त्यानं जे सांगितलं त्यातलं बरंचसं मराठी बाई आधीपासून म्हणत होती, असं मला शिकत असताना सारखं वाटायचं. स्वप्नात इच्छा पुरी होते, हे त्याचं पहिलं म्हणणं. आपण म्हणतो, मनी वसे ते स्वप्नी दिसे. दुसरं म्हणणं असं, की मनातला राग किंवा ओढ खऱ्या माणसावर न जाता सुरक्षित अशा दुसऱ्या माणसावर सरकते. आपल्याकडं 'लेकी बोले सुने लागे' आहेच. ओवीत ते उलट्या दिशेनं चालतं. सासू ओसरीवर जागी आहे. सून दळता दळता कैकेयीला नावं ठेवते. सासूला कळतं, पण बोलता येत नाही, कारण नावं कैकेयीला ठेवलेली आहेत. शिवाय ती स्वतःही कधीकाळी याच जात्यावर सीता होती. तिसरं म्हणणं, स्वप्नात दोन-तीन माणसं मिळून एक माणूस होतो. चेहरा मावशीचा, आवाज बाईंचा. बायांच्या ओवीतली सीता अशीच आहे. तिच्यात जनकाची लेक आहे, गाणारीची नांदायला गेलेली बहीण आहे आणि गाणारी स्वतः आहे. ओव्यांमध्ये एक कल्पना येते, की सीतेनं आपला सासुरवास घरोघरच्या बायांना वाटून दिला. एका बाईत अनेकजणी कशा आल्या, याचं याहून नेमकं स्पष्टीकरण मी तरी वाचलेलं नाही.

सुधीर कक्कर यांनी १९७८ साली भारतीय माणसाच्या अंतर्मनावर पुस्तक लिहिलं. ते महत्त्वाचं आहे. भारतीय स्त्रीच्या मनात आदर्श म्हणून सीता किती खोल बसलेली असते, ते त्यांनी दाखवलं. पण ती सीता पतिव्रता, सोशिक, पोथीतली. जात्यावरची सीता रामाला जाब विचारते. विदर्भात यवतमाळ जिल्ह्यात रावेरी इथं सीतेचं देऊळ आहे, शरद जोशींनी त्याच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला होता. तिथली कथा अशी, की लेकरं घेऊन एकट्या राहिलेल्या सीतेला गावानं मूठभर गहू दिले नाहीत, तेव्हा तिनं गावाला गहू पिकणार नाहीत असा शाप दिला. आदर्श कुणाच्या मनातला आहे हे पाहायचं तर आधी कुणाकडून ऐकलं ते सांगावं लागतं.

फ्रॉईडचीही तीच गत. १९०७ च्या डिसेंबरात व्हिएन्नात एका प्रकाशकाच्या जागेत त्यानं लेखक आणि दिवास्वप्न यावर भाषण दिलं. पुढच्या वर्षी ते छापून आलं. लहान मूल खेळतं, मोठा माणूस खेळणं सोडतो आणि मनोराज्य करायला लागतो, असं त्यानं त्यात मांडलं. मूल खेळ लपवत नाही, मोठा माणूस मनोराज्य लपवतो, त्याला त्याची लाज वाटते. इथवर पटतं. मग तो म्हणतो की तरुण पुरुषांची मनोराज्यं महत्त्वाकांक्षेची आणि प्रेमाची असतात, तरुण स्त्रियांची बहुतेक फक्त प्रेमाची. व्हिएन्नातल्या दिवाणखान्यातून त्याला तसं दिसलं असेल. आपल्याकडंही दिसतं तसंच. मुलीच्या वहीत मुलाचं नाव आलं, की सगळ्यांच्या मनात पहिला शब्द 'प्रकरण'.

(जाता जाता. आपण 'मनातले मांडे' म्हणून हसतो. मांडे करायला किती वेळ आणि ताकद लागते ते ज्यांनी केलेत त्यांना विचारा. मनातले मांडे निदान बाईला स्वतःला खायला मिळतात.)

फ्रॉईडच्या त्या भाषणाला खरं उत्तर त्याच्याच घरातून आलं. त्याची धाकटी मुलगी अॅना हिनं १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण संस्थेत आपला पहिला निबंध वाचला. विषय होता एका मुलीची दिवास्वप्नं. ही मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असताना तिच्या हाती मुलांसाठीचं एक गोष्टीचं पुस्तक पडलं. मध्ययुगातल्या सरदारांचं. एक-दोनदा वाचून तिनं ते परत केलं, पण त्यातली माणसं तिच्याकडंच राहिली. एक दांडगा सरदार, त्याच्या गढीत कैद झालेला पंधरा वर्षांचा मुलगा. सरदार त्याला छळायची धमकी देतो, आता मारणार अशी वेळ येते, आणि ऐनवेळी माया दाखवतो. असे प्रसंग ती मुलगी वर्षानुवर्षं मनात रचत राहिली. म्हणजे ही चाहतीचीच गोष्ट. अॅनानं उलगडून दाखवलं की या 'छान गोष्टीं'च्या तळाशी तिच्या लहानपणची मार खाण्याची कल्पना आहे, आणि तिच्याही तळाशी बापाचं प्रेम आहे. ही मुलगी म्हणजे स्वतः अॅनाच, असं तिच्या चरित्राचे अभ्यासक मानतात. आणि लक्षात घ्या, या मुलीनं आपल्या गोष्टीत स्वतःला मुलगा केलं आहे, कैदी केलं आहे, आणि सरदारासमोर न झुकणारा केलं आहे. प्रेम आहेच. पण तेवढंच नाही.

मला त्या निबंधाचा शेवट फार महत्त्वाचा वाटतो. काही वर्षांनी त्या मुलीनं ती गोष्ट कागदावर लिहिली, आणि लिहिताना ती बदलली. मनातल्या गोष्टीत तोच तोच थरार पुन्हा पुन्हा चाखता येत होता. कागदावर तसं करता येईना. कारण आता वाचणारं कुणीतरी होतं. स्वतःपुरतं सुख बाजूला ठेवून दुसऱ्याला कळेल असं सांगणं भाग पडलं. अॅना म्हणते, हा मनोराज्याकडून माणसांकडं यायचा रस्ता आहे. म्हणजे मुलगी लिहायला लागते तेव्हा ती जगापासून लांब जात नसते. ती परत यायला निघालेली असते. आणि नेमकं त्याच वेळी आपण वही काढून घेतो.

आता वहीकडं येते. जिच्याबद्दल सांगणार आहे तिची संमती घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जिल्ह्याच्या दक्षिण भागातली मुलगी, नववीत. आईबाप दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. तेवढे महिने ही एका वसतिगृहात. पेट्यांची तपासणी झाली तेव्हा तिच्या पेटीत दोनशे पानी वही मिळाली. चाळीसेक पानं भरलेली. अधीक्षिकेनं चुलत्याला बोलावलं. चुलत्यानं वही चाळली आणि पहिला प्रश्न केला, "हा नारुत्या कोण?"

आपल्यातल्या ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांना हसू येणार. नारुतो हा जपानी कार्टूनमधला मुलगा आहे. अनाथ. त्याच्या शरीरात एक राक्षसी कोल्हा कोंडून ठेवलेला आहे, म्हणून सगळं गाव त्याला टाळतं. त्याला एक विद्या येते. तो आपल्यासारखीच दुसरी शरीरं उभी करतो, एकाचे दहा होतो. आणि त्याची जिद्द अशी, की ज्या गावानं वाळीत टाकलं त्याच गावाचा प्रमुख व्हायचं. हे चुलत्याला सांगायला तिथं कुणी नव्हतं. मुलीनं सांगितलं तर ते खोटं ठरलं. फडावर फोन गेला. आठ दिवसांत स्थळ निघालं. लग्न झालं की नवा कोयता होतो, नवी उचल मिळते, आणि मुलीची काळजी मिटते. ही तिन्ही कारणं एकाच वाक्यात बोलली जातात.

वहीत काय होतं? दुसरी नायिका होती अहिल्या. आपल्या जिल्ह्याला जिचं नाव २०२४ मध्ये दिलं गेलं तीच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीची. जन्म १७२५ चा, लग्न १७३३ चं, म्हणजे आठव्या वर्षी. त्या लग्नाची आख्यायिका शाळेत सगळ्यांनी ऐकलेली आहे. मल्हारराव होळकर चौंडीला मुक्कामाला थांबले, देवळात ही चुणचुणीत पोर दिसली, आणि त्यांनी तिला खंडेरावांसाठी सून म्हणून मागून घेतलं. आपण ही गोष्ट भाग्याची म्हणून सांगतो. नववीतल्या या मुलीनं ती आठ वर्षांच्या पोरीच्या बाजूनं वाचली.

तिच्या गोष्टीत नारुतो वाट चुकून चौंडीला येतो. त्याच्या अंगात कोल्हा आहे हे गावाला कळतं आणि वाड्यावर त्याला पाणी वरून घालतात. (हे वाक्य जपानी कार्टूनमध्ये नाही. हे आपल्या तालुक्यातलं आहे.) अहिल्या त्याला भाकरी देते. तो तिला आपली विद्या शिकवतो. मल्हाररावांची फौज येते, मांडव पडतो. अहिल्या आपल्यासारखी दुसरी अहिल्या उभी करते, तिला मांडवात पाठवते आणि स्वतः दप्तर घेऊन लिंबाच्या झाडावर चढून बसते. चौंडीत त्या काळी दप्तर कुठलं, असं विचारू नका. स्वप्नात चालतं.

पण चाळिसाव्या पानावर गोष्ट थांबते. दुसरी अहिल्या परत येते आणि झाडाखाली उभी राहते. एवढंच. पुढचं वाक्य अर्धवट आहे. मग तीन कोरी पानं, आणि वहीच्या उलट्या बाजूनं बीजगणित.

का थांबली ते मी तिला विचारलं. त्या कार्टूनमध्ये एक नियम आहे, जो मला माहीत नव्हता. ते दुसरं शरीर नाहीसं होतं तेव्हा त्यानं जे पाहिलं, भोगलं, ते सगळं मूळ माणसाच्या आठवणीत येतं. ती म्हणाली, "ताई, ती परत आली की तिकडं जे झालं ते सगळं हिला आठवणार. मग झाडावर बसून काय उपयोग?"

आमच्याकडं या वहीवर चर्चा झाली. एकीचं म्हणणं, मल्हारराव म्हणजे बाप, कोल्हा म्हणजे दबलेली लैंगिक इच्छा. दुसरी म्हणाली, हिच्यावर अत्याचार झालेला आहे, वही सरळ सांगते. चुलता म्हणत होता, नारुत्या म्हणजे अमुक गावचा अमुक. मला तिघांचं ऐकताना ओव्यांतली आणि लोककथेतली एक गोष्ट आठवत होती. कैकेयी सीतेला म्हणते, रावण कसा दिसत होता ते काढून दाखव. सीतेनं त्याचा फक्त पायाचा अंगठा पाहिलेला. ती अंगठा काढते. बाकीचं चित्र कैकेयी पुरं करते आणि रामाला नेऊन दाखवते. मग वनवास. मनोविश्लेषण शिकलेल्या आपल्यासारख्यांना हा मोह फार होतो. मुलीनं अंगठा काढलेला असतो, आणि दहा डोकी आपण काढतो.

तिघांचा प्रश्नही एकच होता, हा कोण? माझं म्हणणं, तो प्रश्न सोडा. त्या गोष्टीत असं काय घडू शकतं, जे इथं घडू शकत नाही, ते विचारा. आणि गोष्ट कुठं अडते ते पाहा. स्वप्नात इच्छा पुरी होते हे खरं, पण स्वप्न जिथं मोडतं तिथं वास्तव उभं असतं. या मुलीच्या स्वप्नाला लग्नातून पळून जाता आलं. पळून गेलेल्या बाईची आठवण मात्र त्याला पुसता आली नाही.

अत्याचाराची शंका आली तर ती विचारलीच पाहिजे, २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. पण ते वेगळं बसून, सरळ शब्दांत, तिला समजेल असं विचारायचं. वहीतून ओढून काढायचं नाही. आम्ही तसं विचारलं. तसं काही नव्हतं. चौथ्या-पाचव्या भेटीत, दुसरंच काही बोलत असताना, ती बहिणीबद्दल बोलली. थोरल्या बहिणीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. बहीण दिवाळीला येते, हसते, कामं करते, आणि काही म्हणजे काही सांगत नाही. थोडं थांबून तीच म्हणाली, "तिला आठवत नसंल असं वाटायचं मला." ते तिनं जोडलं, आम्ही नाही. मी आधी जोडून दिलं असतं तर ती मान हलवून 'हो' म्हणाली असती आणि विषय संपला असता.

इथं विनिकॉट या इंग्रज मनोविश्लेषकाची मदत होते. त्याचं 'खेळ आणि वास्तव' या विषयावरचं पुस्तक १९७१ चं. त्यात तो मनोराज्य आणि स्वप्न यांत फरक करतो. त्याच्याकडं येणारी एक मध्यमवयीन बाई आयुष्यभर मनोराज्यात रमलेली होती. हात पत्ते मांडत आहेत आणि मन भलतीकडंच. त्या मनोराज्याचा तिच्या जगण्याशी काहीच धागा नव्हता. त्यात सगळं घडायचं आणि म्हणूनच बाहेर काही घडायचं नाही. स्वप्नाला मात्र अर्थ असतो, ते जगण्याकडं ओढतं. खेळही तसाच. विनिकॉट आणखी एक सांगतो. लहान मुलाची ती मळकी चादर, जिच्याशिवाय ते झोपत नाही, ती त्याला सापडली की त्यानं निर्माण केली, असं त्याला विचारायचं नसतं. आपल्याकडं आजीच्या लुगड्याची गोधडी असते. चाहतीच्या गोष्टीतलं पात्र तसंच असतं. अहिल्या तिला सापडलेली आहे आणि तिनं केलेलीही आहे. 'हे खोटं आहे, इतिहासात असं नाही' असं म्हणून ती ओढून घेणं म्हणजे गोधडी धुवायला टाकणं.

आता माझ्याच म्हणण्यावर एक आक्षेप, कारण तुम्ही तो घेणारच. ओव्या गाऊन जातं थांबलं का? नाही. उलट ओवीमुळं दळण हलकं झालं आणि दळण चालू राहिलं. सीतेला रडून घेतलं आणि उजाडल्यावर सून पाण्याला गेली. हा आक्षेप खरा आहे, आणि मला त्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. बायांची जात्यातून सुटका ओवीनं केली नाही, गावात आलेल्या गिरणीनं केली, आणि तिचं स्वागतच आहे. पण गिरणी आली तेव्हा पहाटेचा तो दीड तासही गेला, जेव्हा घरात फक्त बायका जाग्या असत. ती जागा पुढं टीव्हीनं घेतली. तिथं महासंगम होतो, पण नायिका सगळ्या वडालाच जातात. एकही झाडावर चढून बसत नाही. म्हणून मला वहीचं महत्त्व वाटतं. वही लग्न थांबवत नाही. हे लग्न गावच्या बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला कळवून, २००६ च्या कायद्याखाली, आईबापांकडून हमीपत्र घेऊन थांबवलं. वहीनं काय केलं? ज्या मुलीला 'तुला लग्न करायचंय का' या प्रश्नावर खाली मान घालण्यापलीकडं उत्तर येत नव्हतं, तिच्याकडं चाळीस पानं उत्तर तयार होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्या बायांच्या वह्या कुणाकडं आहेत?

दुपारच्या गटचर्चेसाठी दोन गोष्टी ठेवते. एक, वसतिगृहांत पेट्यांची तपासणी होते, ती सुरक्षिततेसाठी लागत असेल तर होऊ दे. पण हातानं लिहिलेली वही वाचायची नाही, आणि मुलीच्या संमतीशिवाय घरच्यांच्या हाती द्यायची नाही, असा लेखी नियम आपल्या संस्थांनी तरी आधी करावा. मग इतरांकडं मागू. दोन, किशोरींच्या गटात आपण मासिक पाळी, कायदा, रक्तक्षय घेतो. त्यातली एक बैठक गोष्टीची ठेवून पाहा. ऐकलेल्या दोन वेगवेगळ्या गोष्टींतल्या दोन बाया एका बसस्टँडवर भेटल्या, पुढं सांगा. एवढंच द्यायचं. अर्थ लावायचा नाही, फळ्यावर मुद्दे काढायचे नाहीत. शेवगावच्या बाजूला दोन गटांत आम्ही हे केलं. एका गटात द्रौपदी आणि एका मालिकेतली सून भेटल्या आणि पहिला अर्धा तास दोघींनी नुसत्या नवऱ्यांच्या चहाड्या केल्या. मग एका मुलीनं द्रौपदीला एसटीच्या अर्ध्या तिकिटात बसवून माहेरी पाठवलं, आणि गटात वाद झाला की द्रुपदानं दार उघडलं असतं का.

त्या मुलीबद्दल तुम्ही विचाराल म्हणून सांगते. ती आता दहावीत आहे. वही एका कार्यालयात प्रकरणाच्या फाइलला जोडलेली आहे, पुरावा म्हणून. ती परत मिळावी यासाठी तिनं स्वतःच्या अक्षरात अर्ज केला आहे. कारण लिहिलं आहे, 'गोष्ट अपुरी आहे.' अर्जाची पोच माझ्याकडं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.